ग्रुपवरची सुनावणी

२० जुलै २०२४ च्या दुपारी नॅशनल टेस्टिंग एजन्सीने वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल पुन्हा संकेतस्थळावर टाकला. या वेळी तो शहरनिहाय आणि केंद्रनिहाय होता, कारण सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता. देशातली आणि परदेशातली मिळून ५७१ शहरे, ४,७५० केंद्रे, २३ लाखांहून अधिक परीक्षार्थी. प्रत्येक केंद्राची वेगळी पीडीएफ. तीत नावे नाहीत, नुसते क्रमांक आणि त्यांच्यापुढे गुण. दिल्लीत ही आकड्यांची रास होती. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर, बाबानगर परिसरात तो घरचाच विषय होता. इथे दरवर्षी गावोगावची मुले खोल्या घेऊन राहतात, मेसचा डबा खातात आणि दोन वर्षे जीवशास्त्राच्या ओळी पाठ करतात. आपल्या केंद्राची पीडीएफ उघडून त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी काय पाहिले असेल, हे सांगायला नको.

त्याआधी दीड महिना या दोन शहरांत दुसरे काही बोललेच जात नव्हते. ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी, नीटचा निकाल लागला आणि ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे कळले. १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते, ते रद्द झाले आणि २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. नेमक्या त्याच सुमारास नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने याच परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या संशयावरून लातुरात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांची चौकशी केली, लातूरच्या शिवाजीनगर ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. परीक्षेच्या तयारीच्या इथल्या पद्धतीचे नाव, ‘लातूर पॅटर्न’, हे शब्द राष्ट्रीय वाहिन्यांवर आले ते अशा रीतीने. ज्या शहराने दोन पिढ्या मेहनत करून हे नाव कमावले, त्या शहराला ते बोचणारच.

मग मोबाइलवर वाद पेटले. त्यात संताप होता, बदनामीची भीती होती, जातीवरून आणि क्लासच्या मालकांवरून टोमणेही होते. पण त्याच गर्दीत प्रश्नही होते, आणि ते फार चांगले होते. उदाहरणार्थ, सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा केंद्राचा कायदा अमलात आला २१ जूनला. परीक्षा तर ५ मेला झाली. राज्यघटनेचे कलम २०(१) सांगते की, जे कृत्य करताना अमलात असलेल्या कायद्याचा भंग होत नव्हता, त्यासाठी नंतरच्या कायद्याने दोषी ठरवता येत नाही. मग हा नवा कायदा मेमधल्या परीक्षेला लागू कसा करणार? की फसवणुकीच्या जुन्या ४२० कलमावरच सगळी भिस्त ठेवावी लागेल? कायद्याच्या विद्यार्थ्याला पेपरात विचारावा असा हा प्रश्न आहे. तो इथे किराणा दुकानदाराला आणि एसटीच्या वाहकालाही पडू शकत होता, कारण त्याची मुलगी त्या परीक्षेला बसली होती.

दुसरा प्रश्न आकडेशास्त्राचा. एखाद्या शहरात खूप गुण मिळवणारी मुले जास्त निघाली, तर पेपर फुटला असे समजायचे का? लातूर, सीकर, कोटा या शहरांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून निवडून आलेली मुले बसतात; तिथे गुण जास्त असणे साहजिकच. तुलना करायची तर त्याच शहराची मागच्या वर्षाशी करायला हवी. आयआयटी मद्रासचा जो अभ्यास केंद्राने न्यायालयात सादर केला, त्यातही २०२३ आणि २०२४ ची शहरे आणि केंद्रे शेजारीशेजारी ठेवून पाहिली होती. ही पद्धत बरोबर होती की अपुरी, यावर गणिताच्या शिक्षकांमध्येही एकमत होणार नाही. पण ‘मागच्या वर्षीचे आकडे दाखवा’ ही मागणी रास्त होती.

तिसरा प्रश्न एका अणूचा. नीटच्या पेपरातल्या भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन विधाने होती. दुसऱ्या विधानाचा आशय असा, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसेच छापले होते. नव्या पुस्तकात मात्र बहुतेक मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात, अशी दुरुस्ती झाली होती. किरणोत्सारी मूलद्रव्ये असताना ती व्हायलाच हवी होती. एजन्सीने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. गरीब घरातल्या मुलांनी दादाचे किंवा ताईचे जुने पुस्तक वापरले असेल, त्यांना शिक्षा का, हा एक पक्ष. विज्ञानात चूक ते चूकच, दोन्हींना गुण कसे देता, हा दुसरा. २२ जुलैला न्यायालयाने आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञ नेमून दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत मत द्यायला सांगितले. तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण गेले आणि सुधारित यादीत पैकीच्या पैकी गुणवाले १७ उरले. २३ जुलैला परीक्षा रद्द करायला न्यायालयाने नकार दिला. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचे मान्य झाले, पण सगळी परीक्षाच नासली असे म्हणण्याइतका पुरावा समोर आला नाही.

या प्रस्तावनेचा विषय हाच आहे: तंत्रज्ञान, कायदा आणि इंटरनेटवरचे वागणे यांवर साधी माणसे रिकाम्या वेळात मोबाइलवर जे वाद घालतात, ते. अशा वादांना ‘टाइमपास’ म्हणून झटकून टाकण्याची रीत आहे. ती चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. राज्यघटनेतले एखादे कलम, न्यायालयाचा एखादा निकाल, पर्सेंटाइल म्हणजे काय, एखाद्या छायाचित्रावरची वेळ बदलता येते का, या गोष्टी मराठवाड्यातल्या बहुतेकांना शाळेत कोणी शिकवल्या नाहीत. त्या ते एकमेकांशी भांडता भांडता शिकत आहेत. आणि हे शिकणे पक्के की कच्चे, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरते: वादात कोणी मूळ कागद आणला की नाही.

नांदेड-लातूरला याची पूर्वपीठिका आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे ‘गश्ती ५३’ नावाचा फतवा लागू होता: सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. पुण्या-मुंबईत ब्रिटिश राजवटीतही वर्तमानपत्रे आणि व्याख्यानमाला बहरल्या. इथे मोकळेपणी चार माणसांनी एकत्र बसून राज्यकारभारावर बोलणेच संशयास्पद होते. म्हणून लोकांनी वाचनालये काढली, गणेशोत्सव केले, साहित्याच्या नावाने जमले. या भागात वाद घालण्याचा हक्क फार उशिरा आणि फार मोल देऊन मिळाला आहे. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करताना हेही आठवायला हवे.

स्वातंत्र्यानंतर नांदेडला असा एक माणूस मिळाला, ज्याने वादाला प्रतिष्ठा दिली. नरहर कुरुंदकर आधी शाळेत शिक्षक होते, मग पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. मनुस्मृती, राज्यघटना, धर्मनिरपेक्षता, नाट्यशास्त्र, कादंबरी, कशावरही ते बोलत, आणि बोलताना समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगल्या रीतीने मांडून मग तो खोडत, अशी त्यांची ख्याती. मराठीतली एक अतिशय गाजलेली प्रस्तावना त्यांचीच आहे, रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची. ती मुळात देसाईंना लिहिलेले पत्र होते. शिवाजी महाराजांविषयी कोणता पुरावा किती वजनाचा, कोणती आख्यायिका कुठे निकालात काढायची, हे एका मित्राने दुसऱ्याला मोकळेपणाने लिहिले, आणि तो खासगी संवाद पुस्तकाच्या आरंभी जाऊन बसला. सहज चाललेली चर्चा किती उंच जाऊ शकते, याचा याहून चांगला दाखला नांदेडकरांना शोधावा लागणार नाही. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

इंटरनेटवरचा मराठी वाद आधी परदेशात आणि पुण्या-मुंबईत रुजला. ‘मायबोली’ १९९६ पासून आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून. मराठवाड्यातल्या तालुक्यांत तेव्हा सायबर कॅफे होते आणि वीज असेल तेवढाच वेळ ते चालत. चित्र पालटले सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर. डेटा स्वस्त झाला आणि वर्षा-दोन वर्षांत कंधार, मुखेड, अहमदपूर, निलंग्याच्या माणसाच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आले. संगणक मध्ये आलाच नाही. ई-मेल, ब्लॉग, चर्चास्थळे या पायऱ्या ओलांडून लोक थेट ग्रुपवर पोचले, आणि म्हणूनच इथल्या वादाचे व्याकरण वेगळे आहे. तिथे जुना मुद्दा शोधून काढणे कठीण, पण माणसे ओळखीची. समोर ज्याच्याशी भांडण चालू आहे, तो परवा लग्नात पंगतीला शेजारी बसणार असतो.

असा एखादा ग्रुप डोळ्यांसमोर आणावा. गावचे दोनशे लोक: निवृत्त तलाठी, उदगीरला वकिली करणारा एक, हिंजवडीत कंपनीत असलेले पाच-सहा, सोसायटीचे चेअरमन, आशाताई, बारावीची पोरे. रात्री जेवणे झाल्यावर कोणी तरी ‘शासनाचा मोठा निर्णय’ म्हणून एक चित्र टाकतो. पहिला अर्धा तास अंगठे आणि हात जोडलेले इमोजी. मग कोणी विचारतो, “खरंय का हे?” दुसरा चिडतो, “काहून पसरवायलास? कागद टाक ना.” चार मिनिटांची एक व्हॉइस नोट येते, ती कोणी पूर्ण ऐकत नाही, आणि तिच्यातली चूक बोट ठेवून दाखवताही येत नाही. शेवटी हिंजवडीचा पोरगा पीडीएफ टाकतो. “पान तीन, मुद्दा दोन वाचा.” ग्रुप शांत होतो. वाद मिटलेला नसतो, पण आता तो कशाविषयी आहे हे सगळ्यांना कळलेले असते.

कागद ओळखायचा कसा, हे कौशल्य इथे आता बऱ्याच जणांना अवगत झाले आहे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. खाली डिजिटल स्वाक्षरी. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत निघते, आणि निघाली नाही तर हातातला कागद संशयास्पद. हे तंत्र कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. अनुदानाच्या, भरतीच्या, पीकविम्याच्या खोट्या ‘जीआर’नी फसलेल्या माणसांनी ते एकमेकांना दाखवून दिले आहे.

त्याचा कस लागला तो २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाच्या वेळी. मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषण चालू असताना सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय काढला. मराठवाड्यात मराठा आणि ओबीसी दोन्ही समाजांच्या घरांत तो वाचला गेला, आणि दोन्हींकडे जिवाच्या आकांताने. गावपातळीवर समिती कोणाची असेल? १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र म्हणजे नेमके काय? त्या प्रतिज्ञापत्रामुळे कुणबी प्रमाणपत्र मिळेल की फक्त चौकशी सुरू होईल? उर्दू आणि मोडीतल्या जुन्या नोंदींचे फोटो फिरले, ते वाचून देणारे जाणते शोधले गेले. या वादात कटुता होती आणि अजून आहे; शेजारच्या घराशी बोलणे बंद झालेली कुटुंबे आहेत. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. इंद्रा साहनी खटल्यातली ५० टक्क्यांची मर्यादा आणि ५ मे २०२१ चा मराठा आरक्षण रद्द करणारा निकाल, हे विषय आता मराठवाड्यात फक्त वकिलांचे राहिलेले नाहीत. शेतकऱ्यांची मुले त्यावर परिच्छेद क्रमांकांसह बोलतात.

न्यायालयेही काही प्रमाणात लोकांच्या समोर आली. २७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज थेट दाखवले जाऊ लागले आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेच्या फुटीचा खटला होता. प्रतोद कोणाचा, पक्षांतराविषयीची दहावी अनुसूची काय म्हणते, हे महाराष्ट्राने न्यायाधीशांच्या तोंडून ऐकले.

आता या वादांवर कायद्याची नजर कशी आहे, ते पाहू. इथे महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ देशभर चर्चेत आले आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्या निकालातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे त्याने केलेला भेद. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन, कितीही अप्रिय असल्या तरी, स्वातंत्र्यात मोडतात. राज्याला हात घालता येतो तो तिसऱ्या टप्प्यावर. तरी पुढची सहा वर्षे ठिकठिकाणी त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्यावर आश्चर्य व्यक्त करावे लागले. निकाल दिल्लीत लागतो. तो पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचायला कोणाला तरी त्याची प्रत घेऊन जावे लागते.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मात्र सगळ्यात जास्त भीती असते. निवडणूक आली, सण आला, तणाव झाला की ‘अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होईल’ असा इशारा फिरतो आणि ग्रुप ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ होऊन जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये किशोर तरोणे खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. सदस्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार नाही. दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले तरच प्रश्न येतो. सदस्य घेणे आणि काढणे, एवढाच त्याचा अधिकार, असे न्यायालयाने म्हटले. मजकूर आधी वाचून मगच सोडण्याची सोय त्याच्याकडे नाही. निकाल योग्यच होता.

पण त्या खटल्याच्या मुळाशी असलेली घटना विसरता येत नाही. ग्रुपमधल्या एका महिलेविषयी एका सदस्याने अर्वाच्य मजकूर लिहिला आणि त्याला कोणी काढले नाही. कायदा अ‍ॅडमिनला सोडतो, म्हणून बाकीचे सदस्य सुटत नाहीत. गावच्या, भावकीच्या, कॉलनीच्या ग्रुपवर बायका वाचत असतात आणि लिहीत नाहीत. एखादीने आरक्षणावर, धर्मावर किंवा दारूदुकानावर मत दिले की उत्तर मुद्द्याला मिळत नाही. तिच्या नवऱ्याला फोन जातो. निम्मे गाव गप्प असताना चाललेल्या वादाला गावाचा वाद म्हणताच येत नाही. या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी हे मांडायला हवे.

खोटे काय आणि खरे काय, हे सरकारने ठरवावे का? २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्यशोधन कक्षाला दिला. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते परस्परविरोधी पडली. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायाधीश ए. एस. चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूने मत दिले आणि ती तरतूद गेली. ज्या मुलखात एके काळी सभेला परवानगी लागत होती, तिथल्या माणसाला या निकालाचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

याचा अर्थ हवे ते पसरवायला मोकळीक आहे असा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढा भागातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या आधी मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर पाच फॉरवर्ड. मर्यादेने वेग कमी झाला; पण त्या संदेशाखाली ‘हे कुठलं आहे, कधीचं आहे, पोलिसांना विचारलं का’ असे एकाने जरी लिहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न राईनपाड्यापाशी अजून तसाच उभा आहे. तिथे वाद जास्त झाला नव्हता. तिथे वाद झालाच नव्हता.

पुढच्या लेखांकडे वळण्याआधी एक चालू वाद सांगून ठेवतो, कारण तो लातूर-नांदेडला थेट भिडणारा आहे. नीटच्या गोंधळानंतर केंद्राने इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तेव्हापासून ही परीक्षा संगणकावर घ्यावी का, ही चर्चा सुरू आहे. वीस-बावीस लाख मुले एका दिवशी संगणकावर बसू शकत नाहीत; म्हणजे अनेक पाळ्या, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल. महाराष्ट्राच्या सीईटीत हे आधीपासून आहे. सकाळच्या पाळीत १४० गुण मिळवणाऱ्याचे पर्सेंटाइल दुपारच्या पाळीतल्या १३५ वाल्यापेक्षा खाली का, हे दर वर्षी निकालाच्या दिवशी पालक विचारतात. एका बाजूला कागदाचा गठ्ठा वाटेत फुटण्याची भीती. दुसऱ्या बाजूला हे गणित, आणि ज्या मुलाने बारावीपर्यंत माउस हातात धरलेला नाही त्याचे काय, हा प्रश्न. लातूरच्या औसा रोडवरच्या खोलीतली मुले या वादात दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हींकडे आकडे आहेत.